एचपी राहू द्या, हवा किती देतं ते सांगा

पत्र: सप्रेम नमस्कार. वडगाव बुद्रुकला आमचं रो-हाउस आहे, खाली बंदिस्त पार्किंग. घरात एक हॅचबॅक, दोन स्कूटर, मुलीची रेसिंगची सायकल आणि वडिलांचा जुना चेतक. यंदा चेतक घरच्या घरी उभा करायचा, रंगही स्वतःच मारायचा असं मनात आहे, म्हणून कॉम्प्रेसर घ्यायचा विचार आहे. पुढेमागे चाकांचे नट खोलायला हवेवर चालणारी गनही घेईन. बजेट पंधरा हजार. दुकानदार म्हणतो, २४ लिटरचं ३ एचपीचं मशीन नऊ हजारांत घेऊन जा, सगळी कामं होतील. ऑफिसातला मित्र भोसरीतल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधलं १०० लिटरचं बेल्टचं मशीन अकरा हजारांत मिळवून देतोय. बायको म्हणते, पंपावर हवा फुकट मिळते, हा पसारा कशाला? शेजारी काका-काकू राहतात, दोघंही सत्तरीपुढचे, आणि मधली भिंत एकच. काय करू?
— गॅरेजवेडा, वडगाव

उत्तर:

तुमच्या पत्रात तुमच्याशिवाय तीन माणसं बोलतायत, आणि त्यांत सगळ्यात मुद्द्याचं वहिनी बोलल्यात. म्हणून आधी त्यांचं घेतो.

पेट्रोल पंपावर हवा फुकट देणं तेल कंपन्यांच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तेव्हा फक्त गाडी आणि स्कूटरच्या हवेसाठी कॉम्प्रेसर घेणार असाल तर घेऊ नका. वहिनींच्या बाजूने एवढं झालं. आता तुमच्या बाजूने: टायरची हवा थंड असताना मोजायची असते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडाही थंड टायरचाच. सिंहगड रोडच्या गर्दीतून पंपापर्यंत जाईतो टायर तापतो. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने चढतो, म्हणजे पंपावर ३३ दाखवणारा टायर सकाळी घरी ३० च्या आसपास असू शकतो. घरी भरलेली हवा जास्त बरोबर, हे खरंच आहे. पण तेवढ्यासाठी गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा इन्फ्लेटर पुरतो. चार चाकांना वेळ लागतो, कुरकुर आवाज करतो, पण डिकीत मावतो आणि ताम्हिणीच्या रस्त्यावर चाक बसलं तर तिथेही उपयोगी पडतो. कॉम्प्रेसर काही ताम्हिणीला नेता येत नाही.

मुलीच्या सायकलला तर कॉम्प्रेसर लावूच नका. रेसिंगच्या बारीक टायरला ८० ते १०० पीएसआय लागतात, पण आत हवा इतकी थोडी मावते की गनचा खटका जरा जास्त दाबला गेला तरी ट्यूब फाटते. शिवाय त्यांचा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा वेगळा, बारीक तोंडाचा असतो. त्याला उभा हातपंप घ्या, खाली गेज असलेला. पोरगी स्वतः भरेल.

म्हणजे कॉम्प्रेसर घ्यायचं खरं कारण एकच उरलं: चेतक. आणि इथून पुढे वहिनींना उत्तर देणं तुमचं काम.

दुकानदाराचं ३ एचपी बघू. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. तीन एचपी म्हणजे मोटरच्या शाफ्टवर मिळणारी ताकद २,२०० वॅटच्या वर, आणि त्यासाठी विजेतून त्याहून बरंच जास्त ओढावं लागतं. आता त्या मशीनच्या वायरचं टोक बघा. तिथे साधी ६ अँपिअरची पिन असेल तर २३० गुणिले ६, म्हणजे १,३८० वॅटच्या वर त्या पिनेतून सुखाने काही जात नाही. मग तीन एचपी आले कुठून? स्टिकरवर. मोटर सुरू होताना क्षणभर जो झटका घेते तो मोजून एचपी छापण्याची युक्ती जुनी आहे. मोटरवरची धातूची पट्टी वाचा. तिथे वॅट किंवा अँपिअर लिहिलेले असतात आणि तो आकडा जास्त खरा असतो.

पण एचपीवर वाद घालण्यातही अर्थ नाही. हत्यार एचपी खात नाही, हवा खातं. दुकानात विचारायचा प्रश्न एकच: ६ किंवा ७ बारला (बार हेही दाबाचंच माप, एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय) हे मशीन दर मिनिटाला किती हवा प्रत्यक्ष बाहेर देतं? ती मोजतात सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला सीएफएम बहुधा पिस्टनने कागदोपत्री ओढलेल्या हवेचा असतो. गळती, उष्णता आणि हेडमधली, म्हणजे पिस्टनच्या डोक्यावरच्या भागातली, उरलीसुरली जागा वजा केली की प्रत्यक्षात त्याच्या साठ-सत्तर टक्के हाती लागतं. माहितीपत्रकात ‘एफएडी’ (फ्री एअर डिलिव्हरी, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा) असं लिहून आकडा दिला असेल तर तो धरा. नुसता सीएफएम असेल तर एक तृतीयांश कापून धरा. दुकानदाराला दोन्ही माहीत नसतील तर दुकान बदला.

(पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळ आहे, हे खरं. पण हे सांगून कुणी मोठं मशीन गळ्यात मारत असेल तर हसून सोडून द्या. घरच्या कामात तो फरक कळतसुद्धा नाही.)

टाकीचा हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. हॅचबॅकच्या एका टायरमध्ये साधारण तीस लिटर जागा असते. दाब २६ वरून ३३ पीएसआयवर न्यायचा म्हणजे जेमतेम अर्धा बार वाढवायचा, म्हणजे पंधरा लिटर मोकळी हवा. चार चाकांना साठ. २४ लिटरची टाकी ८ बारवरून ४ बारवर उतरली की ९६ लिटर देते. एकदा भरली की मोटर बंद करून चारही चाकं होतात. इथवर दुकानदाराचं मशीन पास.

रंगाची गन मात्र खादाड. गुरुत्वावर चालणारी, वर कप असलेली साधी गन धरली तरी मिनिटाला ६ सीएफएम, म्हणजे १७० लिटर खाते. एचव्हीएलपी, म्हणजे कमी दाबावर भरपूर हवा सोडणारी गन घेतलीत तर दहा-पंधरा सीएफएमची भाषा करावी लागते, ती घरगुती मशीनला परवडत नाही. समजा तुमचं मशीन खरोखर ४ सीएफएम देतं, म्हणजे ११३ लिटर. ८ बारला भरलेल्या ५० लिटर टाकीवर गन चालू केली. दाब ६ बारवर उतरेपर्यंत मोटर बंदच असते, तेवढी शंभर लिटर हवा पस्तीस सेकंदांत संपते. मग मोटर लागते आणि मिनिटाला ५७ लिटरची तूट टाकीतून जाऊ लागते. ४ बारवर यायला आणखी पावणेदोन मिनिटं. एकूण सव्वादोन-अडीच मिनिटं सलग फवारा. चेतकचा एक बाजूचा डबा किंवा पुढचं मडगार्ड एका दमात आरामात होतं, मग थांबायचं, टाकी भरू द्यायची, पुढचा भाग घ्यायचा. हाच हिशेब २४ लिटरवर केला तर मिनिटाच्या थोडं पुढे जाता येतं, तेही मशीनने ४ सीएफएम दिले तर, आणि त्या आकाराची बहुतेक मशीनं तेवढे देत नाहीत. अर्धा डबा रंगवून हवा बसली की रंग थेंबाथेंबाने पडतो आणि तो खरवडून पुन्हा घासायला बसावं लागतं. इथे दुकानदाराचं मशीन नापास.

नट खोलायच्या हवेच्या गनचा विचार सोडा. घरी चाक वर्षातून किती वेळा खोलणार? पान्हा पुरतो. फारच हौस असेल तर बॅटरीवरची गन घ्या, नळीचं लोढणं नको. आणि आवळताना गन वापरू नका, टॉर्क पान्ह्याने गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळा.

आता भोसरीचं मशीन. पुणेकराला बेल्टच्या कॉम्प्रेसरबद्दल आदर असतो हे मला समजतं. हडपसरला १९५८ पासून किर्लोस्कर न्यूमॅटिक, मुंबई-पुणे रस्त्यावर दापोडीला अ‍ॅटलस कॉप्को. या गावात निम्म्या घरांत कुणी ना कुणी कारखान्यात हवेच्या लाइनखाली उभं राहिलेलं आहे. बेल्टचं, तेलाचं मशीन सावकाश फिरतं, थंड राहतं, वर्षानुवर्षं टिकतं, हवाही भरपूर देतं. मशीन म्हणून मित्राची निवड दुकानदारापेक्षा चांगलीच आहे.

घाबरायचं ते टाकीला. साधारण ३७ सेंटिमीटर व्यासाची टाकी ८ बारला भरली की तिच्या एकेका झाकणावर आतून पावणेनऊ टनांच्या आसपास जोर असतो. नव्या टाकीचा पत्रा तो सहज पेलतो. पण वर्कशॉपमधल्या टाकीच्या तळाशी पाणी साठून असतं आणि पत्रा आतून, खालच्या बाजूला गंजत जातो. वरून रंग कितीही छान असो. अशी टाकी फुटते तेव्हा नुसती गळत नाही, पत्रा उडतो. तुमच्या एका भिंतीपलीकडे काका-काकू बसलेत.

तरीही मन तिकडेच ओढत असेल तर पैसे देण्याआधी एवढं करा. तळाचा कॉक उघडून काय पडतं ते बघा. लालसर चिखल पडला तर तिथूनच परत या. टाकीला बनवणाऱ्याची पट्टी आणि चाचणीचा दाब कोरलेला नसेल, किंवा कुठे मागाहून वेल्डिंग केलेलं दिसलं, तरीही परत या. हे सगळं ठीक निघालं तर टाकी पाण्याने पूर्ण भरून कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाला हायड्रो टेस्ट करून घ्या. पाणी दाबलं जात नाही म्हणून टाकी फुटली तरी नुसती गळते. हवेने ही चाचणी कुणी करून देतो म्हणाला तर त्याच्याजवळ उभंही राहू नका. मोटरही बघा, वर्कशॉपची असेल तर थ्री फेज असायची शक्यता दाट. घरी सिंगल फेज असेल तर मोटर बदलणं आलं, आणि अकरा हजारांचं मशीन अकरा हजारांत राहत नाही. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी अशा टाक्या दिसतात, त्यांनाही हेच लागू. पाने, वायसर तिथून खुशाल घ्या. दाबाची भांडी नव्हे.

आवाजाचं तुम्ही पत्राच्या शेवटी घातलंत, मी असतो तर पहिल्या ओळीत घातलं असतं. स्वस्तातलं, जोरात फिरणारं छोटं मशीन जवळून ८५-९० डेसिबलच्या घरात ओरडतं. बंदिस्त पार्किंगमध्ये तो आवाज भिंतींवर आपटून वाढतो. निवासी भागासाठी नियमातली मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. पण काका नियम वाचून वैतागणार नाहीत, वामकुक्षी मोडली म्हणून वैतागतील. ‘सायलेंट’ म्हणून विकली जाणारी ऑइल-फ्री मशीनं सायलेंट मुळीच नसतात, पण साठ-सत्तर डेसिबलमध्ये बसतात आणि तेवढ्या आवाजात शेजारी उभं राहून बोलता येतं. विकत घेण्याआधी दुकानात चालू करून, टाकी शून्यापासून पूर्ण भरेपर्यंत ऐका. रिकाम्या टाकीवर सगळीच मशीनं गरीब वाटतात, सहा बारनंतर त्यांचा खरा स्वभाव कळतो. मशीन सामाईक भिंतीला टेकवून ठेवू नका आणि खाली जाड रबर घाला, कारण काकांच्या खोलीत जाते ती अर्धी थरथर फरशीतून. आणि पहिल्यांदा लावण्याआधी जाऊन सांगून या. हवं तर त्यांच्या गाडीतही हवा भरून द्या.

ऑइल-फ्रीचा तोटाही सांगायला हवा. रिंगा टेफ्लॉनच्या, तेल नाही, त्यामुळे आयुष्य कमी. पंक्चरवाल्याने घेतलं तर वर्ष-दोन वर्षांत दमेल. तुमच्या महिन्यातून दोन रविवारांना ते पुरून उरेल. आणि रंगाला एक फायदा: तेलाच्या मशीनमधून तेलाचा अंश हवेबरोबर येतो आणि ओल्या रंगात बारीक खड्डे पाडतो.

तेल नसलं तरी पाणी येतंच, आणि पुण्याच्या पावसाळ्यात जास्त. जुलैतल्या दमट दिवशी ५० लिटरची टाकी एकदा पूर्ण भरलीत तर आत चहाचा चमचाभर पाणी सुटतं. दिवसभरात चार-पाचदा भरली तर विचार करा. म्हणून काम संपलं की थोडा दाब शिल्लक असतानाच तळाचा कॉक उघडायचा, पाणी फुसकन बाहेर येतं. रंगाच्या गनआधी पाणी पकडणारा फिल्टर लावायचा, तोही मशीनला चिकटून लावण्याऐवजी नळीच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे हवा थंड होऊन पाणी सुटल्यावर ते पकडलं जातं. शक्य असेल तर रंगकाम दिवाळीनंतरच काढा. हवा कोरडी असते आणि रंगही नीट बसतो.

वायरिंगवर वायरमनशी बोलाल तेव्हा हे लक्षात असू द्या. रो-हाउसच्या पार्किंगमध्ये बहुधा दिव्याचा पॉइंट आणि फार तर एक ६ अँपिअरचं सॉकेट असतं. दीड-दोन एचपीचं मशीन सुरू होताना नेहमीच्या पाच-सातपट करंट ओढतं. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, नीट अर्थिंग, कमीत कमी अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर आणि तिला स्वतंत्र एमसीबी. घरातून लांबलचक एक्स्टेंशन ओढून मशीन चालवलं की व्होल्टेज पडतं, मोटर घुमत राहते, फिरत नाही आणि जळते. वायर लांबवायची नाही, हवेची नळी लांबवायची. १५ मीटरची नळी घ्या. दुसराही फायदा: रंग मारताना थिनरची वाफ जमिनीलगत साठते आणि मशीनचा प्रेशर स्विच, म्हणजे दाब बघून मोटर चालू-बंद करणारा, ठिणगी टाकतो, तेव्हा मशीन लांब असलेलंच बरं. भिंतीवर कायमची लाइन काढायची लहर आली तर पीव्हीसी पाइप वापरू नका. हवेच्या दाबाने तो तडकला की त्याचे धारदार तुकडे उडतात.

आणखी एक, जे दुकानात कुणी सांगत नाही: मशीन भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका, त्याच्या डोक्यावरच्या स्विचने करा. त्या स्विचने बंद केलं की ‘फुस्स’ असा आवाज येतो, म्हणजे हेडमध्ये अडकलेला दाब सुटला. भिंतीवरून बंद केलं, किंवा मध्येच लाइट गेली, तर तो दाब तसाच राहतो आणि पुढच्या वेळी मोटरला भरलेल्या हेडविरुद्ध उठावं लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट जाते-येते, तेव्हा गेली की आधी हा स्विच बंद करायची सवय लावा.

तर माझं मत: ५० लिटर टाकी, ऑइल-फ्री, कमी आवाजाचं, दोन हेडचं, ७ बारला प्रत्यक्ष ४ सीएफएम किंवा वर देणारं मशीन. बजेटमध्ये बसवता येईल, गन आणि नळी धरून थोडं वर जाईल. भोसरीचं सोडा, नऊ हजारांचं स्टिकर दुकानातच राहू द्या.

आणि रंगाबद्दल न विचारलेला सल्ला. पत्रा ठोकणं, गंज काढणं, लांबी (पुट्टी) भरून घासणं, प्रायमर, हे सगळं घरी करा. वेळखाऊ काम तेच आहे आणि मजाही त्यातच आहे. शेवटचा, चकाकीचा थर दोन भागांत मिसळायच्या पीयू रंगाचा देणार असाल तर तो डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे, बूथ असलेल्याकडे द्या. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, कापडी मास्क त्यांना अडवत नाही, दम्यासारखा त्रास मागे लागू शकतो. शिवाय उडालेला रंग शेजारच्या गाडीवर बसला की हवा भरून दिल्याचं पुण्य काका विसरतील.

ता.क. चेतकच्या चाकाची रिम दोन तुकड्यांची, नटांनी जोडलेली असते हे तुम्हाला माहीत असेलच, पण मुलगी मदतीला येणार असेल तर तिलाही सांगा: ट्यूबमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय ते नट खोलायचे नाहीत, आणि नवीन ट्यूब घातल्यावर सगळे नट आवळून झाल्याशिवाय हवेची नळी हातात घ्यायची नाही.